गप्प बसणारं कार्ड

"एसी बंद करा," सुकेशनी म्हणाली.

वाशीमच्या बाजारात, मे महिन्याच्या भर दुपारी, असं कुणी दुकानदाराला सांगत नाही. जमशेदभाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मोठ्या भावाकडे, नवीनकडे. दुकानात आल्यापासून ते नवीनशीच बोलत होते. नवीन त्यांच्या गावाहून, मेडशीहून, प्रवासी जीप चालवतो आणि कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण कॉम्प्युटरचं गिऱ्हाईक म्हणजे पुरुषच, ही जमशेदभाईंच्या डोक्यात बसलेली गोष्ट.

"काहून बंद करू, ताई?"

"माह्या घरी एसी नाही. वरती टिनं हायेत. आवाज रेकॉर्ड करतानी पंखाबी बंद ठेवा लागते. तिथं तुमचं ग्राफिक्स कार्ड कसं वागन, ते मले इथंच पाह्यचं हाय."

लग्नाचे अल्बम सजवता सजवता सुकेशनीनं कॉम्प्युटरवर एक म्हातारी घडवली होती. नाव पंचफुला. तुरीचं वावर राखायचं आणि पीक खायला येणाऱ्या रोह्यांशी, म्हणजे नीलगायींशी, भांडायचं, हा तिचा उद्योग. तोंड असं, की एखाद्या रोह्यानं लाजून उपास धरावा. सुकेशनी माइकमध्ये बोलली की पडद्यावर त्याच क्षणी पंचफुलेचे ओठ हलायचे, भुवया चढायच्या. पुण्याच्या एका कंपनीला ही म्हातारी भारी आवडली. तिच्या गोष्टींची मालिका करायचं ठरलं. घोडं अडलं ते आवाजापाशी.

"मागे घरघर येते," कंपनीचे सर म्हणाले. "तू चित्रं कर. आवाज आमच्याकडची एक मुलगी देईल."

त्या मुलीचा नमुनाही त्यांनी पाठवला. ती 'मले' म्हणत होती, 'तुले' म्हणत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर खुदकन हसत होती. जणू वऱ्हाडात माणसं तोंड उघडतात ती पुण्यामुंबईची करमणूक करायला! सुकेशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचफुला गंमत म्हणून भांडत नाही, पीक वाचवायला भांडते. तिचा आवाज दुसऱ्या कुणाच्या घशातून निघणार, हे सुकेशनीला सहन होण्यासारखं नव्हतं. तिनं सरांकडे हट्ट धरला आणि घरघर नसलेला एक नमुना पाठवायची मुभा मिळवली.

घरघर मात्र खरी होती. पंचफुलेचा चेहरा हलवायचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर, त्यामुळे ती बोलू लागली की कार्ड तापायचं, त्याचे पंखे जोरात फिरायचे, आणि नेमका तेव्हाच माइक चालू असायचा. मशीन दुसऱ्या खोलीत न्यावी, तर तिथं सोयाबीनची पोती आणि धुरळा. नवीननं एकदा मायेनं घरातला पाण्याचा कूलर मशीनच्या तोंडाशी आणून लावला होता. कार्ड थंड झालं खरं, पण ओल्या हवेनं पुढच्याच आठवड्यात ते कायमचंच थंड झालं. म्हणून तर आज ही वाशीमची फेरी.

एसी बंद झाला. जमशेदभाईंनी चाचणीच्या मशीनमध्ये तीन पंख्यांचं, वरातीच्या गाडीसारखं झगमगणारं कार्ड बसवलं. "सगळे पोट्टे हेच नेतात," ते म्हणाले.

सुकेशनीनं पेन ड्राइव्हमधून पंचफुलेला कामाला लावलं आणि कान जवळ नेला. पण बाहेर ऑटोवाले हॉर्नवर बसले होते.

"काही ऐकू येऊन नाही राह्यलं. शटर खाली घ्या."

"शटर? भर बाजारात? लोक काय म्हनतीन, ताई?"

"त्याइले सांगा, मेडशीची सुकेशनी पंखे ऐकून राह्यली."

नवीन हसला आणि त्यानंच शटर ओढलं. दुकानाची भट्टी झाली. तिघांच्या अंगातून घामाच्या धारा. थोड्याच वेळात त्या झगमगत्या कार्डानं मळणीयंत्रासारखा सूर धरला. जमशेदभाई वरमले. त्यांनी दुसरं लावलं. त्याचे पंखे हळू होते, पण आतून रातकिड्यासारखी बारीक किर्र येत होती. सुकेशनीनं मान हलवली.

"इतकी किर्र कोन ऐकते?" जमशेदभाई चिडले.

"माइक ऐकते. अन् पुन्याचे सर त ऐकतातच."

जमशेदभाईंनी रुमालानं मान पुसली. आता ते पहिल्यांदाच तिला जाणतं गिऱ्हाईक समजून बोलले. "मंग ताकदीच्या मागं नका लागू. थोडं कमी ताकदीचं घ्या, पन अंगानं जाड. ताकद कमी त गरमी कमी. वरून गरमी वढनाऱ्या धातूच्या पत्र्याचं ओझं जास्त, त पंख्याले मेहनत नाही." फळीच्या मागून त्यांनी एक काळं, ठोकळ्यासारखं कार्ड काढलं. दिवे नाहीत, रंग नाही, दिसायला अगदी ओबडधोबड. ते लावलं. पंचफुला पडद्यावर हातवारे करत राहिली, वेळ जात राहिला, आणि तिघांना ऐकू येत होता तो फक्त एकमेकांचा श्वास.

"याले लाइट नाही," नवीन कुरकुरला.

"मले उजेडाशी नाही, आवाजाशी काम हाय," ती म्हणाली. "बांधा, जमशेदभाई. अन् कॉम्प्युटरचं खोकं काचेचं नोका देऊ, जाळीचं द्या. हवा खेळली पाह्यजे."

मेडशीला आल्यावर तिनं पंखा बंद केला, दार लावलं आणि घामानं निथळत पंचफुलेचं एक अख्खं भांडण रेकॉर्ड केलं. मागे घरघर नाही, किर्र नाही, काही नाही. तिनं ते पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "घरघर गेली, छान. आवाज स्वच्छ आहे." मग त्यांचा सूर बदलला. "पण काय आहे सुकेशनी, तुझी भाषा फार राकट वाटते. लोकांना गोड वऱ्हाडी हवी असते. आवाज आपण त्या मुलीचाच ठेवू."

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे! इतके दिवस सर पंख्याच्या आड लपले होते. मशीन गप्प झाली आणि त्यांना खरं बोलावं लागलं. सुकेशनीला आधी रडू आलं, आणि मग असा राग आला की रडू जागच्या जागी आटलं.

"सर, पंचफुला माह्यी हाय," ती म्हणाली. "ते बोलन त माह्याच तोंडानं बोलन. तुमाले गोड म्हातारी पाह्यजे, त तुमी तिकडंच घडवा."

"नीट विचार कर. अशी संधी पुन्हा येत नाही."

"विचार केला, सर. तुमची मालिका तुमाले, माह्यी म्हातारी मले."

तिनं फोन ठेवला. दारात नवीन उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. "आता काय करशीन, सुके?"

"पह्यला भाग नेटवर, आपल्याच चॅनलवर टाकते," सुकेशनी म्हणाली आणि पंख्याचं बटन बंद केलं. "तू दार लावून घे, दादा. अन् हाक मारू नको, मी बोलून राह्यली."