जाळीवरचं कीटण

डॉक्टर दातांचे होते आणि घाणीशी त्यांचं जन्माचं वैर होतं. कुठे कीटण दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. समोरचा माणूस मनापासून हसला, तरी डॉक्टर त्याचं हसू बघत नसत. खालच्या दाढांच्या मागे काय साठलंय ते बघत. अशा माणसाने शेवाळ वाढवायला घ्यावं, तेही बैठकीच्या खोलीत, हे त्यांचं त्यांनाच हास्यास्पद वाटत होतं. पण अण्णांसाठी घेतलं होतं.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. सारी हयात शिवणयंत्रावर गेली, आणि आता नजरेच्या मधोमध डाग पडला होता. समोरच्याचा चेहरा दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे. गेलं ते परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मात्र बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या टाकीतला नारंगी मासा अण्णांना दिसायचा. मान जराशी तिरकी केली, की धुक्यातून कुणी दिवा घेऊन जावं तसा तो सरकायचा. सकाळपासून अण्णा टाकीसमोर खुर्ची टाकून बसत आणि "आला, आला... गेला, गेला" असं स्वतःशीच पुटपुटत.

मग टाकीत शेवाळ माजलं. काच हिरवी, पाणी हिरवं, हिरव्यात नारंगी बुडून गेलं. डॉक्टर काच घासत. दोन दिवसांत पुन्हा तेच. एके दिवशी अण्णांनी खुर्ची उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तक्रार केली नाही. केली असती तर डॉक्टरांना जरा बरं वाटलं असतं.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने उपाय सांगितला. "शेवाळाशी भांडू नका, साहेब. त्याला वेगळं घर बांधून द्या." टाकीच्या वर एक खरखरीत प्लास्टिकची जाळी टांगायची. पंपाने टाकीतलं पाणी वर चढवून जाळीवरून सतत ओघळवायचं. जाळीवर लख्ख दिवा सोडायचा. शेवाळ मग जाळीवर वाढतं आणि पाण्यातलं त्याचं खाणं तिथेच संपवतं. टाकीतल्या शेवाळाची उपासमार होते. आठवड्यातून एकदा जाळी खरवडायची.

"एवढंच?" डॉक्टर म्हणाले. आजवर जेव्हा जेव्हा ते "एवढंच?" म्हणाले होते, तेव्हा तेव्हा त्यांची फजिती झाली होती.

जाळी ज्यात अडकवायची, त्या पाइपला त्यांनी अशी सरळ चीर पाडली की बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली. पंप सुरू केला. पाणी जाळीला न शिवता सरळ सोफ्यावर गेलं.

"सोफ्याला कशाला पाजतोयस?" बायको म्हणाली.

चीर रुंद केली, पंपाचा जोर कमी केला, आणि पाणी जाळीवर ओल्या पदरासारखं पसरलं. रोपांसाठी मिळतो तो गुलाबी दिवा लावला. बैठकीच्या खोलीला तमाशाच्या तंबूची कळा आली, पण जाळीवर चार दिवसांत बारीक तपकिरी लव उगवली. डॉक्टरांना अगदी बाप झाल्यासारखं वाटलं.

रविवार उजाडला. त्यांनी जाळी बेसिनमध्ये घेतली. आधी मऊ ब्रश, मग कडक ब्रश. मग कोपऱ्यांसाठी दवाखान्यातलं टोकदार हत्यार. जाळी अशी लखलखली, की तिला पुढच्या तपासणीची तारीख द्यायचीच काय ती राहिली.

दुसऱ्या आठवड्यात काहीच उगवलं नाही. डॉक्टरांनी दिवा आठ तासांचा बारा केला. मग सोळा. दिवा जवळ आणला, लांब नेला. पंप बदलला. आणि दर रविवारी, काही असो वा नसो, जाळी घासली. टाकी आणखी हिरवी झाली.

"तुझी जाळी माझ्या ताटांपेक्षा स्वच्छ आहे," बायको म्हणाली. "आपल्याला तिच्यावर शेवाळ हवंय ना रे?"

"मुळापासून काढलं की जोमाने फुटतं," डॉक्टर म्हणाले. हा सिद्धान्त आपण आत्ताच रचला, हे अर्ध्या वाक्यात त्यांच्या ध्यानात आलं. तरी पेशंटला ऐकवतात त्या ठाम सुरात त्यांनी वाक्य पुरं केलं.

पुढच्या रविवारी त्यांना हिरड्यांवरच्या परिषदेला जावं लागलं. "जाळीला हात लावू नका, मी आल्यावर करीन," असं दोनदा बजावून ते गेले. आठवड्याने परतले, तर जाळी घासून पुन्हा टांगलेली. घासून म्हणजे कसली. जागोजागी हिरवे पुंजके तसेच.

"हे कुणी केलं?"

"मी," अण्णा आतून म्हणाले. "सूनबाईने काढून दिली. नळाखाली धरली आणि अंगठ्याने चोळली. कापडाची लव बोटांना कळते. सुटलं ते जाऊ दिलं, धरून बसलं ते राहू दिलं."

डॉक्टर बेसिनकडे वळले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला.

"काय शोधतोयस?"

"काही नाही, अण्णा. जरा कोपरे..."

"कोपरे राहू देत. मुळंच उपटलीस, तर ते बिचारं उगवणार कशातून?"

डॉक्टर ब्रश घेऊन तसेच उभे राहिले. इतके आठवडे त्यांनी पंप बदलला होता, दिवा बदलला होता. या यंत्राचा एकच भाग बदलायचा राहिला होता, आणि तो दर रविवारी बेसिनपाशी बाह्या सरसावून उभा असायचा.

तेव्हापासून जाळी अण्णांकडे गेली. डॉक्टरांना बादली धरायची तेवढी परवानगी होती, तीही तोंड बंद ठेवून. पुढच्याच आठवड्यात जाळीवर हिरवी मखमल आली. त्यानंतर टाकीची काच निवळली, मग पाणी. एका सकाळी खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. अण्णा टाकीसमोर बसले होते, मान तिरकी करून.

डॉक्टर शेजारी जमिनीवर बसले. जाळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक जाड पुंजका लोंबत होता. तो नखाने सहज निघाला असता.

"वळला बघ," अण्णा म्हणाले. "काय झोकात वळला. बघितलंस?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

"थांब जरा. परत येईल."