तेवीस नंबरची बादली

आमच्या बेटावर घरं तेवीस आणि माणसं राहतात ती आठ घरांत. हे ऐकलं की बाहेरचे लोक म्हणतात, वा, मग तुमच्याकडे पाण्याला रांग नसेल. त्यांना एकदा सकाळी माझ्यामागे उभं करायला हवं. माझ्यामागे कुणीच उभं नसतं, कारण रांग माझ्यापाशी संपते.

त्याचं असं झालं. कौलं भरलेलं एक जहाज इथल्या खडकावर आपटलं आणि त्यातली तेवीस माणसं किनाऱ्याला लागली. गोड पाणी मिळालं ते एकाच जागी, खडकाच्या फटीतून, करंगळीएवढी धार. बादली भरायला पाच मिनिटं. भांडणं नकोत म्हणून ठरलं, ज्या क्रमाने पाय जमिनीला लागले त्या क्रमाने पाणी भरायचं. पहिला नंबर कप्तानाचा. बुडत्या जहाजावरून कप्तान सगळ्यांच्या आधी कसा उतरला, हे त्याच्या पणतूला, म्हणजे आताच्या कप्तानाला, विचारायचं नसतं. मी महिन्यातून एकदा विचारते. तेविसावा माझा पणजोबा. तो पाव भाजायचा, आणि पीठ मळायची काठवट सोडून यायला तयार नव्हता. शेवटी काठवटीतच बसून आला म्हणे. बायका मागाहून दुसऱ्या बोटीने आल्या, म्हणून त्यांना नंबर मिळाले नाहीत, नुसती कामं मिळाली.

पुढे एकेक घर शहराकडे गेलं, पण नंबर तसेच राहिले. शाळा बंद झाल्यापासून मास्तरांना दुसरं काम नाही. ते रोज सकाळी पाटी घेऊन झऱ्यावर उभे राहतात आणि एकापासून हाका मारतात. घर रिकामं असेल तर रांगेने म्हणायचं, ‘येतील’, आणि पाच मिनिटं थांबायचं. तेवढं पाणी बकऱ्यांच्या कुंडीत जातं. पंधरा रिकामी घरं, म्हणजे सव्वा तास निव्वळ बकऱ्यांसाठी. आमच्या बकऱ्या नुसत्या तुकतुकीत आहेत. आणि मी, जिला याच पाण्यात पीठ भिजवून अख्ख्या बेटाचे पाव करायचे असतात, ती चाळीस वर्षं शेवटची.

यंदा माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. मी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं आणि सांगून टाकलं की रिकामे नंबर बंद करा, नाहीतर मी चालले शहरात लेकीकडे, मग बसा बिस्किटं खात. लेक आठ वर्षं बोलावतेच आहे. बिस्किटांचं नाव काढल्यावर सगळे हात वर गेले. मास्तरांचा जरा उशिरा गेला, पण गेला. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. बकऱ्या मात्र माझ्या दारात येऊन ओरडू लागल्या. हे कुणाचं काम, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

दहा दिवस असे मजेत गेले. दहाव्या दिवशी दुपारच्या बोटीने एक मुलगी उतरली, खांद्यावर अवजारांची पिशवी आणि हातात कोरी बादली. तिने माझ्या शेजारचं नऊ नंबरचं घर उघडलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ठाकठूक ऐकू आली. एकोणीस वर्षं त्या भिंतीतून मला कुणाचं खोकणंसुद्धा ऐकू आलेलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी काम टाकून भिंतीला टेकून बसले. मग गरम पाव घेऊन गेले. ती बोटींची इंजिनं दुरुस्त करते. आठ दिवस राहून बघणार होती, इथे आपलं जमतंय का. तिचे आजोबा या घरातून गेलेले, गेल्या वर्षी वारले. तिने विचारलं एवढंच, की पाण्याला कधी यायचं. मी म्हटलं, ये सकाळी सातला. तिने राहावं असं मला फार वाटत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही म्हणता काही प्रकाश पडला नाही.

सकाळी ती माझ्यामागे उभी राहिली नाही. सरळ आठ नंबरच्या कोळ्यामागे जाऊन उभी राहिली. कोळ्याची बादली भरली. मास्तर सवयीने म्हणाले, बारा.

ती पुढे टाकलेलं पाऊल मागे घेत म्हणाली, “नऊ राहिला.”

मास्तरांनी पाटीत डोकं घातलं. एरवी ज्याचं तोंड मिटत नाही तो कप्तानही समुद्राकडे बघत बसला.

“आजोबा सांगायचे, तिथे रोज सकाळी आपल्याला हाक मारतात. मी ती ऐकायला आलेय.”

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड एवढंसं झालं. पण केलं ते केलं, लपवायचं कशाला?

“मारायचे,” मी म्हटलं. “दहा दिवसांपूर्वी मी बंद करायला लावलं. माझे गुडघे दुखतात.”

खरं तेच बोलले, पण माझं मलाच ते फार कोतं वाटलं. मास्तरांनी घाईघाईने नऊची हाक मारली. तिने बादली खाली ठेवलीच नाही. आणखी कुणाकुणाचे नंबर काढले ते विचारलं. मास्तर म्हणाले, चौदा.

“मग त्यांनाही हाक मारा. आलेल्या माणसाला कुणीही बोलावेल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची आलेली पोर मला शिकवणार. सत्तर मिनिटं उभं राहणं म्हणजे काय ते तिला सुनवायला मी तोंड उघडलं, आणि नेमकी माझी लेक डोळ्यांपुढे आली. मी गेल्यावर माझ्या घराला कुलूप लागणार. मास्तर माझ्यापुढच्या वीस नंबरची हाक मारतील आणि पाटी काखेत घालून घरी जातील. लेकीला पत्ताही लागणार नाही की तिचं नाव इथून गेलं, आणि ते तिच्या आईने घालवलं. मला रडूच आलं, सगळ्यांदेखत.

मी मास्तरांच्या हातून पाटी ओढून घेतली आणि राहिलेले नंबर दोनपासून पुकारायला लागले. रांगेतून ‘येतील’ आलं, त्यात कप्तानाचा आवाज सगळ्यात मोठा. पाच, सहा, सात. नऊला तिने बादली धारेखाली धरली, दोन्ही हातांनी, जणू ती निसटणारच होती. मी तशीच बावीसपर्यंत गेले. पुढचा नंबर काही माझ्या तोंडून निघेना. तो मास्तरांनी पुकारला.

त्या दिवशी पाव व्हायला दुपार उजाडली.  ती मुलगी पाव न्यायला आली तेव्हा विचारून गेली की छपराला लागणारी कौलं बोटीने मागवायची तर कुणाला सांगायचं.

संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. म्हटलं, तुझा नंबर तेवीस आहे, माझ्यामागेही हाक मारतील, लक्षात ठेव. ती घाबरली, म्हणाली, आई, तू पडलीबिडलीस का? मी म्हटलं, नाही गं, रोज दोन तास उभी असते.

ती हसली. मग तिने विचारलं, रांगेत तुझ्यापुढे कोण कोण असतं? आठ वर्षांत तिने मला बेटावरचं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि एकापासून सगळे सांगितले.