उत्तरेच्या भिंतीतला गठ्ठा

मी एक जुना गठ्ठा आहे, गव्हाच्या काडाचा. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर नाक दाबून धराल. अंगणाच्या कोपऱ्यात मी काळा होऊन पडलो आहे आणि गाईसुद्धा मला तोंड लावत नाही. पण मी एका छोट्या घराची भिंत होतो.

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी माझा गहू पिकला. दाणे निघून गेल्यावर यंत्राने आम्हा काड्यांना दाबून चौकोनी केलं आणि दोरांनी करकचून बांधलं. तेव्हा मी पिवळाधमक होतो. माझी काही भावंडं गोठ्यात गेली. मला तुर्दुबेकने निवडलं आणि माझी छाती फुगली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तुर्दुबेक मॉस्कोत इमारतींवर राबायला गेला होता, तो पाठीचं दुखणं घेऊन परतला. भावाच्या घरातल्या एका खोलीत तो आणि त्याची बायको झूरा राहत. झूराला दिवस गेले होते. बाळ आपल्या घरात जन्मावं, एवढाच दोघांचा ध्यास. विटा परवडणाऱ्या नव्हत्या. काडाच्या गठ्ठ्यांची भिंत स्वस्तात होते आणि ऊब धरते, हे त्याने शेजारच्या गावात पाहिलं होतं.

गल्लीत हसं झालं. एक शेजारी म्हणाला, "घर बांधतोयस की गव्हाण? हिवाळ्यात माझी गाय पाहुणी धाडतो तुझ्याकडे." तुर्दुबेकही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनाला लागलं. लोक नावं ठेवतील, ही धास्ती त्याने तेव्हापासून घेतली.

आमच्याकडे घर एकट्याने बांधत नाहीत. अशारची हाक द्यायची, मग सगळी गल्ली फुकट राबायला येते आणि घरधनी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. हाक दिली, दिवस ठरला. त्याआधी पाऊस लागला आणि आमच्यावरची ताडपत्री वाऱ्याने फाडली. मग ऊन पडलं आणि आम्ही वरून वाळलो. आत मात्र ओल तशीच राहिली आणि ओलं काड आतून तापतं.

अशारच्या सकाळी माणसं जमली. मेंढी कापून झाली होती, कढईत तळणीचे बोर्सोक पुऱ्यांसारखे फुगत होते. चहाच्या समोवारकडे जाता जाता झूरा थांबली आणि तिने माझ्या पोटात हात खुपसला. तिचा चेहरा उतरला. दिराजावांत, सासऱ्यांच्या भावकीत सुनेने तोंड उघडायचं नसतं. तिने नवऱ्याला बाजूला बोलावलं.

"अहो, हे गठ्ठे आतून गरम लागतायत. ओले आहेत."

"वरून तर चांगले दिसतात."

"हात घालून बघा ना. आज नका लावू."

"मेंढी कापलीय, झूरा. सगळी गल्ली दारात उभी आहे. आता काय, माघारी पाठवू त्यांना?"

त्याने हात घातला नाही. घातला असता तर कळलं असतं, आणि त्याला तेच नको होतं.

तुर्दुबेकचे थोरले काका मामिरकान, पांढऱ्या दाढीचे, गल्लीत ज्यांचा शब्द चाले असे, त्यांनी विचारलं की नवराबायकोची कसली कुजबुज चालली आहे. तुर्दुबेक म्हणाला, मीठ कुठे ठेवलंय ते विचारतेय. सगळे हसले. मग मला उचलून उत्तरेच्या भिंतीत, तळाच्या ओळीत बसवलं. आतून मातीचं लिंपण झालं. बाहेर माती गरिबाची दिसते म्हणून सिमेंट फासलं. ओलीला जायला वाटच उरली नाही. संध्याकाळी मामिरकानांनी हात पसरून घराला आशीर्वाद दिला आणि लोक भिंतीवर थाप मारून कौतुक करत घरी गेले.

थंडीच्या तोंडावर बेर्मेत जन्मली. तिचा पाळणा माझ्याजवळ ठेवला, कारण तिथेच चूल होती. ती हसायची ते मला ऐकू यायचं. मी मात्र सडत होतो. भिंतीवर डाग उमटला, झूराने तिथे जाड लोकरी नमद्याचा पडदा टांगला. पाळणा दुसरीकडे हलवला तरी वास सगळ्या घरात होता. बेर्मेत खोकू लागली.

झूरा म्हणाली, भिंत फोडा. तुर्दुबेक म्हणाला, लोकांच्या हातांनी उभी राहिलेली भिंत फोडणं म्हणजे त्यांच्या हातांचा अपमान, वसंतात बघू. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा वसंताचं नाव काढलं. दवाखान्यातल्या बाईंनी बाळाच्या छातीला कान लावला आणि घरात ओल आहे का, असं विचारलं. तुर्दुबेक नाही म्हणाला.

बर्फ वितळायच्या आत बेर्मेत गेली. मित्रांनो, लिंपणाआडून मला काही दिसत नव्हतं, हे तेव्हा बरं वाटलं.

तिला माती देऊन परतल्यावर मामिरकान भिंतीला टेकायला गेले. लिंपण फुटलं आणि त्यांचा हात मनगटापर्यंत माझ्यात रुतला. त्यांनी तो बाहेर काढला, वास घेतला.

"हे ओलं लावलं होतं?"

"हो, काका," तुर्दुबेक म्हणाला.

"मग बोलायचंस ना, बाळा. वाळल्यावर आलो असतो परत. त्यात काय होतं?"

झूरा दारात उभी होती. लग्न झाल्यापासून तिने काकांसमोर आवाज काढला नव्हता.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "यांना सांगितलं होतं. तुमच्याशी बोलायची मला मुभा नव्हती."

मामिरकान खाली बसले. दुसऱ्या दिवशी न बोलावता सगळी गल्ली आली आणि त्यांनी मला उपटून इथे टाकलं. त्या दिवशी कोणी जेवायला थांबलं नाही.

मित्रांनो, आता पाऊस मला लवकरच मातीत मिळवील आणि माझी तक्रार नाही. पण भिंत उभी करण्याआधी आत हात घालून बघा. ओलं असेल तर चारचौघांत ओलं आहे म्हणा. आणि घरात कोणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर हातातलं काम खाली ठेवून तिचं आधी ऐका.