कपाटातला पट्टा

ही गेल्यावर तिच्या मनगटावरचा, पावलं आणि कॅलरी मोजणारा पट्टा मी पुस्तकांच्या कपाटात चार्जरला लावून ठेवला. तो बंद करायला हात धजला नाही.

परवा लेक फोन घेऊन आली. "बाबा, हे बघा. आई अजून रोज कॅलरी जाळतेय."

"अगं, पट्टा तर कपाटात आहे."

"तेच तर! माणूस नुसता बसून जेवढ्या जाळतो, तेवढ्या हा वय-वजनावरून आपोआप धरतो. कोणी घातलाय का, हे बघतच नाही." ती हसली. "आईला नाहीतरी चालायचा कंटाळाच होता."

मलाही हसू आलं. मग तिने मागचे दिवस उघडले. रोजचा आकडा एकच होता, आदल्या दिवसापासून मात्र तो किंचित उतरला होता. आदल्या दिवशी हिचा वाढदिवस होता. पट्ट्याने हिचं वय वाढवलं होतं.

लेकीचं हसू मावळलं. "पुसू का आईची माहिती? तुमची भरते."

कपाटाच्या अर्धवट उघड्या काचेच्या दाराआड पट्ट्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ही तिथे अशी चालू राहण्याची मला भीती वाटली, पण पुसण्याची जास्त वाटली.

"राहू दे," मी म्हणालो. "बरोबरच म्हातारं व्हायचं ठरलं होतं आमचं."

आणि कपाटाचं दार मी आवाज न करता लावलं.