दोन आवाजांची एक वायर

सुनेच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती थांबेचना, तेव्हा सासूने हेडफोन उघडायला घेतला.

सून लहान विमान चालवायची. विजेच्या मोठ्या लाइनींवरून उडायचं, पोटाखाली बसवलेल्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे आणि परतायचं. रोज चार-पाच तास इंजिनाची घरघर. जुना हेडसेट डोकं आवळायचा, आवाज मात्र अडवायचा नाही. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असंच चालू राहिलं तर पन्नाशीत हाका ऐकू येणार नाहीत." आवाज मारणारा वैमानिकांचा हेडसेट आवाक्याबाहेरचा होता. पण नवऱ्याने गाणी ऐकायला दिलेला हेडफोन घरात होता. तो कानावर चढवला की शेजारचा मिक्सरसुद्धा गप्प व्हायचा.

सासूची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात गेली होती. "आण इकडे," ती म्हणाली, "बघू याच्या पोटात काय आहे."

आठ दिवस जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा वास होता. तिने हेडफोनला तोंडासमोर येणारा माइक बसवला. काडेपेटीएवढी डबी केली. डबीतून विमानात खोचायच्या दोन जाड पिना निघाल्या, एक ऐकण्याची, एक बोलण्याची. जागा कमी पडली म्हणून दोन्हींची परतीची वायर, म्हणजे वीज माघारी जायची, तिने एकच ठेवली.

"आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं," तिने बजावलं. "वर असताना फोनबिन मध्ये कडमडायला नको."

"हो आई."

दोन आठवडे सगळं छान चाललं. सून घरी आली की हसून बोलायची, डोकं धरून पडायची नाही. तिसऱ्या आठवड्यात कानावरच्या उशीची शिवण उसवली. विमान उतरलं की लगेच शिवून द्यावी म्हणून सासू सुईदोरा घेऊन विमानांच्या मैदानावर गेली आणि टॉवरच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. टॉवरवाला ओळखीचा होता. "चहा घ्या काकू, येईलच ती एवढ्यात," म्हणाला.

तेवढ्यात मेकॅनिक धापा टाकत जिना चढून आला. त्याच्या हातात रबराची हातभर लांब फाटकी पट्टी होती.

"धावपट्टीवर पडली होती. डाव्या टायरची आहे. सकाळपासून एकच विमान उडालंय."

टॉवरवाल्याने कप ठेवला आणि माइक ओढला. विमानाचा नंबर पुकारला. उत्तर नाही. पुन्हा पुकारला. स्पीकरमधून फक्त 'खस्स' असा आवाज आला, दोन सेकंद टिकला आणि तुटला. थोड्या वेळाने परत तसाच.

"कोण नुसतं बोलायचं बटण दाबतंय?" तो वैतागला.

सासू खुर्चीतून उठली. "तीच आहे. ती बोलतेय. बटण विमानाचं, ते चालतंय. पण आवाज माझ्या डबीतून जातो."

"आणि आपलं तिला ऐकू येत असेल ना?"

"वायर एकच ठेवली मी. तीच तुटली असेल तर काहीच येत नसेल. तिला वाटत असेल, तुम्ही जागेवर नाही."

विमान लांब ठिपक्यासारखं दिसायला लागलं होतं. टॉवरवाल्याने 'उतरू नको'चा लाल दिवा तिच्यावर रोखला. पण सूर्य नेमका टॉवरच्या मागे होता, सुनेच्या डोळ्यांवर येत होता. विमान वळलं आणि सरळ धावपट्टीच्या रोखाने खाली येऊ लागलं.

सासूने फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला.

"कापला!" मेकॅनिक म्हणाला.

"कापला ना? उतरताना ती खिशात हात घालणार नाही. हेडफोनवरचं बटण दाबून कापलाय." म्हणजे ब्लूटूथ चालू होतं. तिने पुन्हा लावला. कट. पुन्हा लावला. या वेळी फोन उचलला गेला.

"आई, मी उतरतेय!" सून ओरडली.

"उतरू नकोस! वर जा. आधी वर जा, मग बोल."

पलीकडे इंजिनाचा सूर चढला आणि विमान टॉवरवरून धडधडत निघून गेलं. दुर्बिणीतून मेकॅनिकला डावं चाक दिसलं. रिमवर नुसत्या चिंध्या होत्या.

टॉवरवाला एकेक वाक्य सांगत होता आणि सासू ते फोनवर म्हणत होती. उजव्या कडेने ये. उजव्या चाकावर टेक. डावी बाजू जमेल तितका वेळ उचलून धर. तिचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा सपाट झाला होता. मोकळा हात मात्र खिडकीची चौकट सोडत नव्हता.

"आई, तुम्ही फोन ठेवू नका."

"नाही ठेवत."

विमान उजव्या चाकावर टेकलं आणि तसंच कललेलं धावलं. मग डावी बाजू खाली आली, ठिणग्या उडाल्या आणि विमान गर्रकन डावीकडे फिरून गवतात घुसलं. धूळ बसायच्या आत सून दार उघडून बाहेर पडली आणि धडपडत लांब पळाली. आगीचा बंब पोचला, पण आग लागलीच नाही.

संध्याकाळी सासूने टेबलावर डबी उघडली. सून समोर बसली होती, कोपराला पट्टी होती. सोल्डरिंगचा टाका सुटलेला नव्हता. बाहेरची केबल पक्की राहावी म्हणून सासूने आत पत्र्याची पट्टी आवळली होती, आणि तिच्या कडेने ती परतीची वायर हळूहळू कापली गेली होती.

"काय निघालं?" सुनेने विचारलं.

वायरच हलकी होती, असं म्हणता आलं असतं. सासूने डबी तिच्यापुढे सरकवली. "मी आवळली जास्त. आणि दोन वायरी हव्या होत्या, तिथे एकीवर भागवलं. माझीच चूक."

सुनेने ते तुटकं टोक नखाने वर उचललं. "मला राग आलाय, आई."

"येणारच."

"आणि ब्लूटूथ मी कधीच बंद केलं नव्हतं. येताना गाणी लावायचे."

सासूला हसू आलं नाही. तिने सोल्डरिंगची सळई थंड होऊ दिली आणि खोक्यात भरून ठेवली.

टायर बदलून, तपासण्या होऊन विमान दहा दिवसांनी पुन्हा उडालं. सुनेने जुनाच हेडसेट घेतला. आत कानात फोमचे बोळे घातले, तेवढ्याने घरघर निम्मी झाली. निघताना सासू दारापर्यंत आली. "पोचलीस की कळव," म्हणाली. सून मागे न बघता "हो" म्हणाली आणि जिना उतरून गेली.