ओठांवर बोट

"तुमचा हॉर्न बेसूर आहे," वाहतूक पोलीस खिडकीत वाकून म्हणाला.

बाबांनी लायसन्स पुढे केलं.

"ते राहू द्या. फक्त हॉर्न वाजवू नका. इथे लोकांना त्रास होतो."

असं ते शहर. आमची घरगाडी, म्हणजे दोन पलंग, एक शेगडी आणि कधीच न उघडणारं कपाट पोटात घेतलेली म्हातारी मिनीबस, सहा दिवस धापा टाकत इथवर आली होती ती आईसाठी. तिचा डावा कान गेला होता, उजवा त्याच वाटेवर होता. "ऐकायचं ते ऐकून घ्या," डॉक्टर म्हणाले होते. चौतीस वर्षं वाचनालयात लोकांना गप्प करण्यात गेली, त्यामुळे आईचं ऐकायचं सगळंच राहिलं होतं.

सकाळी आम्ही व्हायोलिन बनवणाऱ्यांची गल्ली पाहिली. पुढे एक न्हावी तालात कात्री चालवत होता. मध्येच ताल चुकला, तर त्याने गिऱ्हाइकाची माफी मागून केस पहिल्यापासून कापायला घेतले. गिऱ्हाइकालाही ते पटलं.

अकराला चौकात वाद्यवृंद होता. बाबांनी पुढची खुर्ची पकडली. "इथे बस. उजवा कान तिकडे कर."

"मला शिकवू नका. कान माझा आहे."

वादन सुरू झालं. मागे लोकांच्या गप्पाही रंगल्या. आईचा चेहरा उतरला.

"काहीच नीट ऐकू येत नाही हो. नुसता गलका."

मग ती उठली, मागे वळली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. बोलली काहीच नाही. तीनशे माणसं चिडीचूप झाली. आइसक्रीमवाल्याने घंटी मुठीत धरली. एक तान्हं बाळ रडता रडता थांबलं. दुर्दैवाने वाद्यवृंदही थांबला.

आई ओशाळली. "तुम्हाला नाही हो. तुमचं चालू द्या."

वाद्यवृंदाचा संचालक तिच्यापुढे कमरेत वाकला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याच बोटाखाली मी लहानाचा मोठा झालो. अशी आई माझ्याच वाट्याला का, अशी माझी जुनी तक्रार होती. ती मी तिच्या शेजारी बसून बिनशर्त मागे घेतली.

शेवट एकट्या व्हायोलिनवर होता. सूर बारीक होत होत विरला. संचालकाचा हात खाली आला. टाळी मात्र एकही पडली नाही. सगळे आईकडे बघत होते, परवानगीसाठी. आणि आई मान कलती करून, तोंड जरासं उघडं ठेवून, अजून ऐकत होती.

मी बाबांना कोपराने ढोसलं. "सांगा ना तिला, संपलं म्हणून."

"तिचं चालू आहे," बाबा पुटपुटले. "थांब जरा."

तीनशे माणसं मांडीवर हात ठेवून थांबली.