चार वाजून दहा मिनिटांनी

आमच्या चिरंजीवांच्या बार मित्स्वाची तयारी मी चौदा महिने आधी सुरू केली. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा आमच्या ज्यू धर्माच्या हिशेबाने मोठा होतो, सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून तोराह या धर्मग्रंथातला त्या शनिवारचा अध्याय गाऊन वाचतो, आणि घरी येऊन पूर्वीइतकाच लहान होतो, असा हा समारंभ. मी आयुष्यभर बस डेपोत वेळापत्रकं बनवली. चौदा महिने म्हणजे माझ्या मते घाईच झाली.

स्वयंपाकघराच्या दारामागे मी एक तक्ता लावला. हॉल, खुर्च्या, फुलं, पाहुणे, आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही. या शेवटच्या रकान्याला जागा पुरेना, म्हणून खाली आणखी एक कागद चिकटवला.

"अहो, मुलाचा समारंभ आहे की सैन्य हलवताय?" बायकोने विचारलं.

"सैन्याला आत्या नसतात," मी म्हणालो.

तक्त्याच्या आधी अर्थात तारीख हवी होती. त्यासाठी मी आणि चिरंजीव मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे सिनेगॉगमध्ये मुलांना वाचन शिकवणारे गृहस्थ. चूक झाली की ते रागवत नाहीत, फक्त डोळे मिटतात, आणि मुलं रडकुंडीला येतात. त्यांनी जन्मदाखला उलटसुलट करून पाहिला. दाखल्यावर तारीख होती, वेळ नव्हती.

"जन्म दिवस मावळण्याआधीचा की नंतरचा?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या पंचांगात तारीख मध्यरात्री बदलत नाही, सूर्यास्ताला बदलते. संध्याकाळी दिवे लागल्यावर जन्मलेलं मूल दुसऱ्या दिवसाचं.

"दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी," चिरंजीवांनी माझ्याआधी उत्तर दिलं. "बाबा दाराबाहेरच उभे होते. कॉरिडॉरच्या फरशीवर ऊन आलं होतं. माझं रडणं सगळ्यात आधी बाबांनी ऐकलं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चिरंजीवांनीही पाहिलं. मी मान डोलावली.

आता खरं सांगतो. तो संध्याकाळी सात वीसला झाला आणि मी साडेआठला पोचलो. त्या दिवशी हिवाळी वेळापत्रक छापायला जायचं होतं. साहेब दोनदा म्हणाले, "अरे, जा आता." मी म्हटलं, अकरा नंबरची शेवटची गाडी बसवतो आणि निघतो. ती गाडी काही केल्या बसेना. मला कोणी थांबवलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवतो, नाहीतर लोकांना साहेबांचा राग यायचा.

पोरगा पाच वर्षांचा असताना त्याने विचारलं, मी झालो तेव्हा तुम्ही काय करत होता? अकरा नंबरची गाडी बसवत होतो, असं पाच वर्षांच्या मुलाला सांगवेना. मी दाराबाहेर उभा राहिलो. पुढच्या वाढदिवसाला फरशीवर ऊन आलं. आणि वेळापत्रकवाल्याला खोटं बोलतानाही मिनिटं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून चार दहा. दर वर्षी तो ही गोष्ट मागायचा. दहा वर्षांचा झाल्यावर तोच मला सांगायला लागला.

मास्तरांपुढे मान डोलावताना मी मनात म्हटलं, एका दिवसाचा तर फरक. वाचन शनिवारी. एका दिवसाने शनिवार थोडाच हलतो? हा हिशेब मी कागदावर केला नाही. डेपोत माझ्या हाताखालच्या कारकुनाने असं केलं असतं तर मी त्याला उभं राहू दिलं नसतं.

चौदा महिने चिरंजीव आपला अध्याय गात राहिले. दात घासताना, बूट घालताना. अध्याय दर आठवड्याचा वेगळा असतो. त्याचा तो लांबलचक होता, मध्ये एक अवघड चढण होती, तिथे त्याचा फुटत चाललेला आवाज हमखास घसरायचा. अकराव्या महिन्यात घसरायचा थांबला.

तीन आठवडे उरले तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून त्या दिवशीचं भाषण वाचून दाखवलं. बायको त्याचा नवा शर्ट इस्त्री करत होती. भाषण चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. ऊन, फरशी, दार, बाबा. तिची इस्त्री थांबली. शर्ट जळायच्या आत तिने ती उचलली, एवढंच.

तो खेळायला गेल्यावर तिने विचारलं, "मास्तरांना वेळ काय सांगितलीत?"

"चार दहा."

"सात वीसला झाला तो. दिवे लागले होते."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही साडेआठला आलात." मग तिने दारामागे बोट दाखवलं. "त्या तुमच्या तक्त्यात बघा, पंचांगाची तारीख कुठल्या वारी येतेय."

पाहिलं. नेमकी शनिवारी येत होती. म्हणजे खरी रविवारी. म्हणजे त्या शनिवारी मुलगा तेरा वर्षांना एक दिवस कमी, आणि वाचायचा शनिवार पुढचा. अध्याय वेगळा.

"तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्याला ती गोष्ट आवडायची," ती शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाली. "मलाही आवडायची. तुम्ही त्यात फार चांगले होता."

मी म्हटलं, मास्तरांना हळूच सांगतो, दाखल्यात काहीतरी घोळ झाला म्हणून.

"सांगा की. आणि चौदा महिन्यांचं पाठांतर कशाला केलं, ते पोराला दाखला समजावेल."

पोरगा खेळून आल्यावर मी त्याच्या खोलीत गेलो. तो पलंगावर भाषणाचा कागद घेऊन बसला होता. मी सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"मग कुठे होतात?" त्याने विचारलं.

"ऑफिसात. वेळापत्रक करत होतो."

"कसलं?"

"हिवाळ्याचं. अकरा नंबरचं."

"ते अजून चालू आहे?"

"नाही. दुसऱ्याच वर्षी बदललं."

त्याने कागदाची घडी घातली. मग तिची आणखी एक घडी घातली. "ऊन होतं का?" त्याने विचारलं.

"दुपारी डेपोत होतं," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

खरी वेळ ऐकल्यावर मास्तरांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाले, "पुढचा शनिवार. चार आठवड्यांत अख्खा अध्याय व्हायचा नाही. शेवटच्या सात ओळी वाचेल."

पाहुण्यांना तारीख बदलल्याचं कळवायचं होतं. पहिला फोन थोरल्या आत्याला. कारण काय म्हणून तिने विचारलं. हॉलची अडचण झाली असं सांगायला मी तोंड उघडलं, तर चिरंजीव दारात उभे. मग तिला खरं ते सांगितलं, आणि तिच्यानंतर एक्केचाळीस जणांना तेच.

"म्हणजे तू नव्हतासच?" आत्या म्हणाली. "आणि तुझ्याच त्या बसेस वेळेवर म्हणून आम्ही कौतुक करायचो."

पुढच्या शनिवारी त्याने सात ओळी नीट वाचल्या. भाषणही केलं. छोटंसं, आईबद्दल. लोकांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. खुर्च्यांची व्यवस्था उत्तम होती म्हणाले.

पण मला आठवतो तो त्याच्या आधीचा शनिवार, तक्त्यावर मी लाल पेन्सिलीने गोल केलेला. आम्ही दोघं नेहमीसारखे बाकावर बसलो होतो. त्याचा अध्याय मास्तर वाचत होते. शेजारी पाहिलं तर पोराचे ओठ हलत होते, पहिल्या शब्दापासून. ती अवघड चढण आली. मास्तर तिथे किंचित अडखळले. हा अडखळला नाही. आवाज मात्र बाहेर येत नव्हता. ऐकू यावं म्हणून मी त्याच्याकडे थोडा झुकलो.

जागा कमी पडतेय असं वाटून तो जरासा पलीकडे सरकला.